बर्फाचा गॉगल

अलिबाग, १२ डिसेंबर २०२४

ती. सगुणाआत्यास,
मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण आनंदाचं आहे, म्हणूनच बाबांना अजून सांगितलेलं नाही. जानेवारीच्या शेवटी मी गुलमर्गला चौदा दिवसांच्या शिबिराला चालले आहे. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, त्याला स्कीइंग म्हणतात. शाळेने रजा दिली, वर मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं की आपल्या पीटीच्या मॅडम हिमालय सर करणार. मी आजवर बर्फ पाहिलाय तो मासळीबाजारात.

बाकी सामान तिथे मिळतं, गॉगल मात्र आपला न्यायचा. समुद्रावरच्या विक्रेत्याने एक काळा चष्मा बर्फालाही चालेल अशी हमी देऊन दाखवला. तुझ्या परेशने सोळा फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, आरशासारखी निळी काच असलेलाच घे, फोटोत भारी दिसतो. त्याचं बर्फाचं ज्ञान तो चालवतो त्या ट्रेलरवरच्या थंड कंटेनरपुरतं आहे, पण बोलतो असा की जन्म काश्मीरात गेला. पिवळी काच, गुलाबी काच, एकपदरी, दुपदरी, माझं डोकं फिरलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणतेस, म्हणून हे पत्र. काय घेऊ ते सांग. आणि बाबांना समजाव. ते फक्त तुला घाबरतात.

माया आहे तशीच ठेव.
तुझी मृणाली

नवघर, उरण, २० डिसेंबर २०२४

चि. मृणालीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बापाला सांगितलं. आधी न्हाय म्हणाला, मग स्वेटर किती घ्यायचे ते विचारलं. म्हणजे व्हय.

बर्फ मी पाहिला न्हाय, पण मीठ पाहिलंय. वीस वर्षं मिठागरात काढली. एप्रिलात सगळं आगर पांढरंफेक. ऊन वरून लागतं त्याला पदर हाय, खालून उसळतं त्याला काय करशील? काळा चष्मा आमच्यात एकट्या मुकादमाकडे होता आणि तो दिवसभर झोपडीच्या सावलीत बसायचा. म्हणून सांगते, रंग बघू नकोस. गालाशी, कडेला फट राहते का ते बघ. तुला नंबरचा चष्मा हाय, तो आत मावतो का ते बघ. परेशचं ऐकू नकोस. त्याने आरशाची काच घेतली तर स्वतःलाच बघत बसेल.

इकडे सगळं बरं. खोलीतला बल्ब परेशने दोनदा बदलला, तरी उजेड पडत न्हाय. हल्ली सामानच खोटं येतं. तांदूळ निवडायचं काम अमिषाने माझ्याकडून काढून घेतलं. सून चांगली हाय, पण उगाच घाई करते.

जपून जा, हातपाय शाबूत घेऊन ये.
तुझी आत्या

गुलमर्ग, २ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी कबुली देते. तुझं पत्र आलं तेव्हा निळा आरसा माझ्या घरी येऊन चार दिवस झाले होते. सल्ला मी मागितला तो घेण्यासाठी नव्हे, ‘छान आहे’ ऐकण्यासाठी.

पहिले दोन दिवस लख्ख ऊन होतं. मी झकास दिसले, झकास पडले. तिसऱ्या दिवशी ढग आले आणि त्या आरशाच्या गडद काचेतून खड्डा कुठे, उंचवटा कुठे, काही कळेना. आत माझा चष्मा वाफेने भरला. शिवाय ऊन नाही, मग गॉगल कशाला, असं ठरवून मी तो काढला आणि दिवसभर तशीच घसरले. संध्याकाळी डोळ्यांत वाळू फेकल्यासारखं झालं. पाणी थांबेना, पापणी उघडेना. दोन दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून पडून होते. घाबरले होते आत्या. सगळ्यात आधी बाबा आठवले.

आता बरी आहे. आमच्या शिक्षिका शबनमदीदींनी त्यांचा जुना गॉगल दिला. दिसायला बेडकासारखा, पण पिवळी काच ढगातही उतार दाखवते, दुपदरी असल्याने वाफ धरत नाही, चष्मा आत मावतो आणि हेल्मेटला चिकटून बसतो. काल मी न पडता खाली आले. फोटोत भयंकर दिसते.

खरी गोष्ट पुढे आहे. पट्टी बांधणारे डॉक्टर म्हणाले की ढग असले तरी डोळे भाजणारे उन्हाचे किरण येतातच, बर्फावरून उसळतात. मी मिठाचं विचारलं. ते म्हणाले, उन्हात वर्षानुवर्षं राबणाऱ्यांच्या बुबुळावर मांस वाढतं, मोतीबिंदू लवकर धरतो. मी पट्टीखाली पडल्या पडल्या तुझं पत्र आठवत होते. आत्या, बल्ब चांगले आहेत. अमिषावहिनीला घाई नाही. तुला दिसत नाहीये आणि तू ते कुणाला सांगत नाहीस. मी परेशदादाला फोन केलाय. रागव, पण पनवेलला डोळे दाखवायला जा.

रागावलीस तरी माझीच राहा.
मृणाली

नवघर, ९ मार्च २०२५

चि. मृणालीस,
आशीर्वाद. रागही पाठवते, दोन्ही ठेवून घे.

पनवेलला गेले. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन झालं. डाव्याचं पावसाआधी करतील. मला कळत न्हवतं असं न्हाय गं. दिसत न्हाय म्हटलं की घरात आपल्याला एका जागी बसवतात, त्याची भीती होती. परेश गाडीत रडला. मी त्याला म्हटलं, समोर बघ, आता आंधळा तू होशील.

पट्टी निघाली आणि घर दिसलं. अमिषा कौतुक ऐकायला उभी होती, मी झाडू मागितला. ती म्हणते, एकाच डोळ्याचं केलं तेच बरं.

माझ्याबरोबर मीठ ओढणारी केसर तुला माहीत हाय. तिला आणि आणखी चौघींना परेशच्या गाडीत घालून मी तपासायला नेलं. तिघींना ऑपरेशन सांगितलंय. केसरने आधी नकार दिला. मी तिच्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवला, मग तयार झाली.

आणि एक. तुझी पत्रं मी आजवर निम्मी अंदाजाने वाचायची. वाटायचं, दोष माझ्या डोळ्यांचा हाय. काल दोन्ही पत्रं नव्या डोळ्याने पुन्हा वाचायला बसले. दोष तुझ्या अक्षराचा हाय. शाळेत शिकवतेस, जरा गिरवत जा.

प्रेम हायच, ते वेगळं मागू नकोस.
तुझी आत्या,
सगुणा