नवे पेवात, जुने पानात

आश्विन शुद्ध पंचमी, शके १७२४

कात्रजचा घाट उतरून आज पुण्यात आलो. शेवटचे दोन कोस शालू माझ्या खांद्यावर होती, आणि सहा वर्षांच्या मुलीला एवढे वजन येते कुठून, हे मला अजून कळलेले नाही. नारायण पेठेत श्रीनिवासरावांचे घर सापडायला वेळ लागला, कारण पुण्यात पत्ता विचारला की आधी आपलीच चौकशी होते. कुठले, कोणाचे, कशाला आलात, आणि मग पत्ता माहीत नाही.

आचाऱ्याची जागा पक्की झाली. दोघांचे जेवण आणि स्वयंपाकघरामागची खोली. आईवेगळ्या मुलीला सोबत राहू देतात, यातच मला सगळे मिळाले. घरात माणसे दोनच. श्रीनिवासराव साठीचे, बोलायला सौम्य. त्यांच्या पत्नी मथुराबाई शालूच्या केसांवरून कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या.

कोठीघर पाहून तर मी चाटच पडलो. तुपाचे रांजण, गुळाच्या ढेपा, लोणच्याच्या बरण्या, वर पापड-कुरडयांची गाठोडी. मागच्या अंगणात जमिनीत खोदलेली चार पेवे, उभा माणूस बुडेल एवढी खोल, तीन धान्याने भरलेली, चौथे अर्धे. अकरा वर्षांमागच्या दुष्काळात या घराने फार सोसले, तेव्हापासून ही तरतूद आहे म्हणे. आचाऱ्याला आणखी काय हवे?

आश्विन शुद्ध सप्तमी

धायरीचा गेनबा गाडीभर नवा तांदूळ घेऊन आला. पोते सोडताच असा वास सुटला की मी मनातल्या मनात भात, वरण आणि तूप वाढूनही टाकले. श्रीनिवासरावांनी सगळा तांदूळ चौथ्या पेवात ओतायला लावला. मूठभरही बाहेर ठेवला नाही. या घराचा नियम त्यांनी मला शांतपणे सांगितला: नवे पेवात, जुने पानात.

मग सर्वांत जुन्या पेवातला तांदूळ माझ्यापुढे आला. रंग राखेचा. जाळ्यांनी गोळे झालेला, आणि गोळा फोडला की आत वळवळ. हात तीन वेळा धुतले, तरी वास जाईना.

जुने आधी संपवावे, हे मीही आईकडून शिकलो आहे. पण इथे नवे कधी पानात येतच नाही. ते पेवात पडून जुने होते आणि नासले की मगच शिजते. भरल्या घरात ही दोघे अकरा वर्षे कुजके खात आहेत आणि त्यांना त्याचे काही वाटत नाही. निघताना गेनबा मला बाजूला घेऊन म्हणाला, या घरात नवं काय शिजल्यालं म्या कंदी बघितलं न्हाई, तुमची पोर ल्हान हाय, जपा. मी हसण्यावारी नेले.

आश्विन शुद्ध दशमी

दसरा. सर्वांत जुन्या रांजणातले तूप काढायला सांगितले. वरचा थर हिरवट, त्याच्यावर केस उगवावेत तशी बुरशी. कढत ठेवले तर घरभर मेलेल्या उंदराचा वास. त्यात मी पुऱ्या तळल्या. वीस वर्षे चुलीपुढे बसतो आहे, पण स्वतःच्या हातच्या अन्नाकडे बघून ओकारी यावी, असे कधी झाले नव्हते. दोघांनी बोटे चाटून खाल्ले. मथुराबाईंनी पुरी मोडली तेव्हा तार सुटली, ती त्यांनी बोटाला गुंडाळून तोंडात घातली.

शालूने एक घास घेतला आणि तिथेच उलटी केली. ती पुसताना मला लाज वाटली नाही. उलट बरे वाटले, पोर अजून शहाणी आहे म्हणून.

आश्विन वद्य पंचमी

आता मी तांदूळ निवडतो आणि किडे टाकतो. आज श्रीनिवासरावांनी ते पाहिले. रागावले नाहीत. सोंडे आपलेच धान्य खाऊन पोसले, ते टाकणे म्हणजे धान्यच टाकणे, असे मला समजावले आणि सुपातले चिमूटभर उचलून तोंडात टाकले. चावण्याचा आवाज आला. मी परसात जाऊन ओकलो.

वाईला परत जायचे ठरवले होते. पण होळकरांची फौज पुण्यावर येते आहे. रस्ते बंद. गेनबाही यायचा थांबला. शालूला मांडीवर घेतले तर बरगड्या हाताला लागतात.

आश्विन वद्य चतुर्दशी

सकाळपासून हडपसरच्या बाजूने तोफा. लोक सामान टाकून पळत आहेत. श्रीनिवासरावांनी दिंडीदरवाजा आतून दगड रचून बुजवला. माझ्याकडूनही दगड वाहून घेतले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. म्हणाले, यासाठीच तर साठवले होते.

कार्तिक शुद्ध द्वितीया

शालूच्या पोटात तीन दिवस पाण्याशिवाय काही नाही. आज चोरी केली. चौथ्या पेवात दोराने तांब्या सोडून नवा तांदूळ मूठभर काढला आणि तिला पेज करून दिली. ती इतक्या घाईने प्यायली की ओठ भाजले.

मथुराबाई नाकाला पदर लावून आत आल्या. चेहरा पांढरा पडला होता. मोरीवर वाकून ओकल्या. ताज्या भाताच्या वासाने. मग शालूजवळ बसून तिची मान हुंगली आणि म्हणाल्या, हिलाही तोच वास येतो, नवेपणाचा. स्वरात माया होती. त्यांचा बाळ दुष्काळात एवढाच होता. बाहेर राहता तर जगला नसता, पण वेळेवर ठेवला, म्हणून टिकला.

आता कुठे असतो, असे मी विचारले. त्याची पाळी अजून यायची आहे, असे त्या म्हणाल्या.

पेवातून तांदूळ काढायची मला आता हिंमत होत नाही.

कार्तिक शुद्ध तृतीया

आज मी जेवलो. पाच दिवसांनी. डोळे मिटून पहिला घास गिळला, तो वर आला, पुन्हा गिळला. दुसऱ्याला त्रास कमी झाला. नंतर—

नंतर मी वाढून घेतले. दोनदा. किळस येते आहे ती अन्नाची नाही, माझी. शालू दारातून बघत होती. मी जवळ गेलो तर तिने नाक दाबले.

उद्या भिंतीवरून उतरायचे. फौज असली तर असो. दोर शोधून ठेवला आहे.

कार्तिक शुद्ध चतुर्थी, सकाळ

शालू अंथरुणात नाही. माडीवर नाही, कोठीत नाही.

चौथ्या पेवाचे तोंड काल उघडे होते. आज त्याच्यावर शिळा आहे, कडेने शेणमातीचा लेप, अजून ओला. लेपावर बांगड्या भरलेल्या हाताचे ठसे.

श्रीनिवासरावांना धरून हलवले. म्हणाले, वाईट दिवस आले, अनंतभट, तिला बाहेर ठेवून तुम्ही तिची नासाडी केली असती.

त्याच दिवशी

शिळा सरकवली. एकट्याने. नखे गेली. दोघे ओटीवर बसून बघतात, अडवत नाहीत. फक्त म्हणतात, फार वेळ उघडे ठेवू नका, हवा लागून खराब होईल.

पेवात उतरण्याआधी दिवा सोडतात. विझला तर खाली विषारी हवा असते, माणूस क्षणात मरतो. दोराने दिवा सोडला. दोन हात गेला आणि विझला.

मी मेलो तर तिला काढणार कोण? हवा खेळेपर्यंत थांबायला हवे. थांबता येत नाही. म्हणून लिहितो आहे, हात कशात तरी—

पुन्हा सोडला. विझला.

आतून वास येतो. तोंडाला पाणी सुटले. देवा, माझी मुलगी आत आहे आणि माझ्या तोंडाला—

तिसऱ्यांदा विझला.

शालूचा आवाज आला. खालून, जिथे दिवाही जगत नाही तिथून. म्हणते, बाबा, दिवा नको, बाळचे डोळे दुखतात. इथे भूकच लागत नाही. बाळ विचारतो आहे, तुम्ही नवे की जुने? नवे असाल तर या, जागा आहे.

मी ओरडून सांगितले, नवा. गेल्याच महिन्यात आलो. मला तिच्याजवळ ठेवा—

मागे पाट मांडल्याचा आवाज. मथुराबाईंनी पाने घेतली आहेत. दोन.

श्रीनिवासराव वाकून माझ्या मानेचा वास घेत आहेत. हळूच म्हणतात, नाही हो, अनंतभट, तुम्ही तर काल पोटभर—