घरच्या माणसाची सही

आबा,

सकाळच्या एसटीनं निघालेय. माझी होडी स्पर्धेच्या बंदरावर आधीच पोचलीय. आईनं दिलेली वाळवलेल्या झुणक्याची साठ पुडकी बॅगेत हायत, उपाशी न्हाय मरायची. म्हशीची पेंड भिजत घातलीय.

एकटीनं वल्ही मारत महासागर पार करायचा म्हटल्यावर घरच्या माणसाची सही लागते. फॉर्म आठ दिवस तुमच्यापुढं होता, तुम्ही त्यावर चहाचा कप ठेवत राहिलासा. महापुरात तुमच्या नावेतनं दादा वाहून गेला, तवापासनं तुम्ही पाण्याचं नाव काढत न्हाईसा. कळतंय की मला. सही आत्यानं केली.

पण काही झालं तर फोन ज्या नंबरावर येणार, तो तुमचाच दिलाय. दुपारी झोपताना फोन बंद करता, तेवढं दोन महिने करू नका.

अनुजा