आम्लातली अंगठी

दर्यापूर,
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. सौ. आचलला,
अनेक आशीर्वाद.

तू, प्रीतमराव आणि पिल्लू खुशाल असाल. मी बरी आहे. तूर यंदा शेंगांनी वाकली आहे. धामणगावची मावशी पडली होती, ती आता काठीशिवाय चालते आणि सगळ्यांना चालून दाखवते. झाली खुशाली. मूळ मुद्द्यावर यायचं तर मघापासून दोनदा उठून चहा केला. व्हॉट्सॲपवर चारदा लिहून पुसलं. शेवटी कागद घेतला.

तुला हसू येईल, पण सध्या मी आठवी ते दहावीच्या पोरांना प्रवाळ शिकवते आहे. दर शनिवारी, विज्ञान मंडळात. प्रदर्शनाला विषय आला समुद्राचा, आणि आमच्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नाही. मी तरी कुठे पाहिलाय? मग तू इथे टाकून गेलेली बी.एस्सी.ची वही काढली. तुला न विचारता काढली. तुझ्या चित्रांवरून फळा भरला.

वाटलं होतं, पोरं जांभया देतील. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या अंगात शैवाल राहतं, ते त्याला अन्न देतं आणि तो त्याला घर देतो, एवढं सांगितलं तर नववीतली दामिनी म्हणाली, "मॅडम, मंजे सोयाबीनच्या मुयावरच्या गाठीयसारखंच." मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, तशीच ही जोडी; वीस वर्षं शिकवते आहे, मला हे सुचलं नव्हतं. तुला सुचलं असतं.

पाणी तापलं की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो, हेही त्यांना कळलं. राहिला होता समुद्र आंबट होण्याचा भाग. धुरातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो, पाण्याची आम्लता वाढते आणि प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा कमजोर होतो. दाखवायला सोपं आहे. अंड्याचं टरफल विरल आम्लात टाकलं की फसफसतं.

आज ते दाखवलं. आणि प्रवाळ म्हणजेच अंगठीतलं पोवळं हे पोरांना पटत नव्हतं, म्हणून मी एक अंगठी नेली होती. कोणती, ते तुझ्या लक्षात आलं असेल. आईच्या तेरवीला तू माझ्या ताटाशेजारी ठेवून गेलीस, ती. "उतरला असंन आता मंगळ, ताई. ठेव तुयापाशी," एवढंच बोलली होतीस. त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे दिवाळीला पाठवलेलं पणत्यांचं चित्र.

मी नुसती दाखवणार होते. दामिनी म्हणाली, हेही टाकून पाहू. सगळा वर्ग मागे लागला. नको म्हणायला कारण सुचेना, आणि तिने टाकलीसुद्धा.

काही झालं नाही. शेजारच्या पात्रात टरफल फसफसत होतं आणि अंगठी तळाशी तशीच लालबुंद. पस्तीस पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटलं, पोवळं कडक असतं, त्याच्यावर आम्लाचा परिणाम होत नाही. दामिनीने विचारलं, "मंग मॅडम, समुद्रात काहून होते?" मी घड्याळाकडे पाहिलं आणि वह्या मिटायला सांगितल्या. मिटायच्या आधी सगळ्यांनी माझं वाक्य उतरवून घेतलं होतं. गुणी पोरं आहेत, मॅडम सांगतील ते लिहून घेतात.

दुपारी घरी आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. अंगण दोनदा झाडलं. कपाट आवरायला काढलं, ते अजून तसंच पसरलेलं आहे. त्या पस्तीस वह्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

तू म्हणशील, सोनाराने फसवलं असेल. मलाही तसंच लिहायचं होतं, तसं लिहिलेलं एक पान फाडलंसुद्धा. पण आचल, सोनार नव्हताच. ती अंगठी मी परतवाड्याच्या बाजारात बांगड्यांच्या गाडीवरून घेतली होती. मंगळावर माझा काडीचा विश्वास नव्हता, मग खऱ्या पोवळ्याचा खटाटोप कशाला करायचा? तुला गोव्याला समुद्री जीवशास्त्राची ॲडमिशन मिळाली होती. जोशीबुवांनी पत्रिका पाहून पोवळं सांगितलं, तेव्हा तू मला विचारलंस, "ताई, तू सायन्सची मास्तरीण. तू बी मानतं काय हे?" तुझं बोट धरून मी अंगठी चढवली आणि म्हणाले, मंगळ कडक आहे, आधी लग्न, मग काय शिकायचं ते शीक.

मी मानत नव्हते. मला भीती होती ती वेगळीच. आईचं अंग लुळं पडून वर्षही झालं नव्हतं. तू गोव्याला गेली असतीस, तर तिला उचलायला आणि न्हाऊ घालायला मी एकटी उरले असते. पुण्याचं चांगलं स्थळ आलं होतं, तेही मीच परतवलं. अकोला दीड तासावर, म्हणून अकोल्याचं पाहिलं. आई जाईपर्यंत आठ वर्षं तू दर रविवारी येत राहिलीस. मी शेजारणींना कौतुकाने सांगायची, बहीण असावी तर अशी. प्रीतमराव सोन्यासारखे निघाले, म्हणून सगळं मिटलं असं मी धरून चालले.

सोमवारी पहिल्या तासाला ते वाक्य खोडायला लावणार आहे. अंगठी खोटी होती आणि मला ते माहीत होतं, असं सांगणार आहे. दामिनीला मी पुरती ओळखते. ती विचारणारच, मग घातली काहून? ते उत्तर पोरांआधी तुला मिळायला हवं.

पोस्टाने हे पत्र सोमवारपर्यंत पोचणार नाही. म्हणून उद्या सकाळच्या एसटीने मीच घेऊन येते. दारातच हातात देईन. तू वाचेपर्यंत बाहेर थांबेन. माफी मागायला येत नाहीये, ती मागायची माझी हिंमत नाही. तेरवीला तू एवढंसंच बोललीस. पोटात ठेवलेलं बाकीचं ऐकायला येते आहे. प्रीतमरावांसमोर बोललीस तरी चालेल.

तुला अडवून धरणारी,
सुभद्राताई