राजीखुशीने

कारभारी जर्वेससाहेब,

माझ्या हॅमोला पुरून तीनच आठवडे झालेत. काल जमीनदाराच्या कचेरीत तुम्ही म्हणालात, "एमट, गिरणीवाल्याशी लग्न कर, नाहीतर शेत सोड."

मी म्हटलं, "विधवा जिवंत आहे तोवर शेत तिचंच, ही गावाची रीत आहे. विचारा या बारा पंचांना!"

पंच आपापल्या बुटांकडे बघत राहिले. गिरणीवाला हसला, "नांगर काय हॅमो थडग्यातून येऊन धरणार, बाई?"

त्या शेतातले दगड आम्ही दोघांनी वीस वर्षं वेचले. मी 'हो' म्हटलंच नाही. तरी तुमच्या लेखनिकानं लिहिलं, 'एमटने राजीखुशीने शेत सोडले.'

हे पत्र मी पाठवणार नाही. मला वाचता येतं, हे तुम्हाला पुढची कचेरी भरेल तेव्हाच कळू दे. ती ओळ मी गावासमोर मोठ्यानं वाचणार आहे.

हॅमोची बायको,
एमट