‘मारलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

बाबा, एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितलाय. विषय असा, की चित्रकथांमधल्या अचाट शक्तीच्या वीरांनी आपल्या शत्रूंना ठार मारावं की नाही. देशात दुसरे प्रश्न उरलेले नाहीत असं दिसतं. मी हो म्हटलं, कारण तिरकस लिहिणाऱ्या बाईला असलेच विषय मिळतात. पण कागद पुढे ओढला आणि लक्षात आलं, माझं भांडण संपादकांशी नाहीच, तुमच्याशी आहे. आणि ते अर्ध्यात टाकून तुम्ही खुशाल निघून गेलात.

कुरखेड्याच्या पुढचं आपलं गाव, तिथला तो पत्र्याचा सरकारी दवाखाना आणि तुम्ही त्यातले कंपाउंडर. साहेबलोकांनी रेस्ट हाउसवर टाकून दिलेली रंगीत इंग्रजी चित्रांची पुस्तकं तिथला खानसामा तुम्हाला आणून द्यायचा, आणि दुपारी दवाखाना मिटला की तुम्ही ओट्यावर बसून ती आम्हाला वाचून दाखवायचात. वाचून म्हणजे काय, तुमचं इंग्रजी औषधाच्या बाटल्यांपुरतं. खलनायक दात ओठ खाऊन काही बोलायला लागला की मला संशय यायचा, हा ‘जेवणानंतर, दिवसातून तीनदा’ एवढंच म्हणत असावा. मग पाठीला चादर बांधलेला तो वीर आकाशातून यायचा आणि तुम्ही रंगात येऊन म्हणायचात, "अन् मंग त्यानं त्याले असं मारलं, असं मारलं!" मी तिथेच अडवायची. मारलं म्हणजे? नुसतं बदडलं, का जीवानं मारलं? आपली भाषा तरी कशी बघा. माशी मारतात, हाक मारतात, उडी मारतात, थापा मारतात, आणि माणूसही मारतात. तुम्ही या सोयीचा पुरेपूर फायदा घेतलात. मारलं म्हणजे मारलं, म्हणायचात, आणि मग दोरानं बांधून ठाणेदाराच्या हवाली केलं. पुढच्या पुस्तकात तोच खलनायक पुन्हा मोकळा, पुन्हा तेच हसणं.

"बाबा, ठाणेदार सोडूनच देते त्याले," मी चिडून म्हणायची, "तुमच्या वीराले अक्कल नाई का?"

"तो मेला तं पुढचं पुस्तक कायचं निघन?" तुम्ही म्हणायचात आणि सगळी पोरं हसायची. खांबाला टेकून बसलेला मामा तेवढा हसायचा नाही.

मामाला का हसू येत नव्हतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्याचा डावा हात तुम्हीच तर बांधला होता. तो बांबूच्या ठेक्यावर कामाला जायचा. एकदा अंगात ताप होता म्हणून आज जंगलात येत नाही म्हणाला, आणि ठेकेदाराच्या मुकादमानं हातातल्या बांबूनं त्याचा हात मोडला. तुम्ही कामट्या लावून हाड बसवलंत, ते वाकडं बसलं. कुऱ्हाड सुटली, आणि आपल्या बहिणीच्या घरी, तुमच्या ओट्यावर, पोरांच्या गोष्टी ऐकत बसणं त्याच्या नशिबी आलं. ठाणेदारानं मुकादमाला बोलावलं, चहा पाजला आणि सोडलं. त्या दिवसापासून मी खलनायक म्हटलं की मला तो एकच माणूस दिसायचा. तुम्हालाही दिसत असणार. पण तुम्ही पान उलटायचात.

मग ती मोहफुलांच्या दिवसांतली सकाळ. चौघं जण खाट खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढताहेत. खाटेवर मुकादम, त्याला अस्वलानं धरलंय, एका गालाचं कातडं ओठासकट लोंबतंय. डॉक्टर गडचिरोलीला मीटिंगला गेलेत. तुम्ही एकटे. बाहेर एवढी माणसं उभी असताना तुम्हाला हाक मारायला मामाच सापडतो. "धर त्याले," तुम्ही म्हणता, आणि मामा आपल्या धडक्या हातानं मुकादमाचं डोकं दाबून धरतो. मी खिडकीच्या गजांना लटकलेली. मुकादम डोळे उघडतो. वर मामा, शेजारी हातात सुई घेतलेले तुम्ही.

"भाऊ, मारू नका मले," तो रडायला लागतो.

तुम्ही सुईतला बुडबुडा काढत असता. मान वर न करता म्हणता, "मारूनच राह्यलो. सुई. हालू नको."

खिडकीशी उभं असलेलं सगळं गाव हसलं. मी हसले नाही. एवढा सरळ हातात आलेला शत्रू, आणि तुम्ही त्याला पेनिसिलिन देत होता.

तो जगला. नुसता जगला नाही, दिवाळीआधी पुन्हा कामावर गेला आणि एका गोंड मजुराच्या बरगड्या लाथेनं मोडल्या. त्या माणसालाही खाटेवरच आणलं. तुम्ही पट्टी बांधत होता आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, की हे तुमचं काम आहे बाबा, तुम्ही केलंय हे. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही पट्टीला गाठ मारलीत. घरी आल्यावर पाय धुता धुता म्हणालात, "त्याले जगवणं माह्यं काम होतं. त्याले धरणं ठाणेदाराचं. तो त्याचं काम करत नाई म्हणून म्या माह्यं सोडू काय?"

"अन् त्या बरगड्या कोणाच्या कामात मोजाच्या?"

"जेव आता," तुम्ही म्हणालात.

हे उत्तर नाही, बाबा. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्या मजुराला घेऊन तुम्ही ठाण्यावर गेलात, दिवसभर बाकड्यावर बसलात आणि दोघंही उपाशी परत आलात, हे मला मान्य आहे. महिन्यानं पुन्हा गेलात, पुन्हा बसून आलात. तुमच्या वीराला निदान उडता तरी येत होतं. तुम्ही आपले सायकल ढकलत जाणार, न्याय मागणार, आणि वाटेत पंक्चर काढून येणार.

आणि मग तुम्ही साध्या तापानं गेलात. मुकादम धडधाकट. तुमच्या तेरवीला तो आला आणि सगळ्यांत मोठ्यानं रडला. मी तेव्हा नागपुरातलं कॉलेज सोडून आले होते आणि पंगतीत वरण वाढत होते. वरण कढत होतं. त्याच्या पानाशी आल्यावर माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही. वाढलं आणि पुढे सरकले. मागे वळून पाहिलं तर त्यानं घास घेतला होता आणि वरण ओठाच्या कोपऱ्यातून खाली गळत होतं. तुम्ही शिवलेला तो ओठ एका बाजूनं मिटतच नव्हता. शिंपी म्हणून तुम्ही काही बरे नव्हता. तो धोतराच्या सोग्यानं हनुवटी पुसत होता, पुन्हा घास घेत होता, पुन्हा गळत होतं, आणि शेजारचे दोघं पान अंगाजवळ ओढून घेत होते.

मी आत गेले. भात वरणात मऊ कालवला, त्याचा घट्ट गोळा केला आणि नेऊन त्याच्या पानात ठेवला. मामानं ते पाहिलं आणि तो अर्ध्या जेवणावरून उठला. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्या हातचं जेवला नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

लेख मी लिहीन. वीरांनी मारावं, चांगलं जीवानं मारावं, उरलेल्यांच्या बरगड्या वाचतील, असंच लिहीन, कारण मला तेच पटतं. हे पत्र संपादकांना देणार नाही, आणि तुमच्याकडे टपाल जात नाही. तर एवढंच, की तो भात ठेवून मी लगेच निघून गेले नव्हते. त्याला तो नीट गिळता येतो का, हे बघायला मी दाराआड उभी राहिले होते.