सिन्योरा इरिदेंची घंटा

तोरिनो, ४ मार्च १९९१
आज एका आजारी बाईंच्या देखभालीच्या कामावर रुजू झाले. घर उजेडाचं आहे, खिडकीत रोजमेरीची कुंडी. सिन्योरा इरिदे एक्क्याऐंशीच्या. घशाच्या शस्त्रक्रियेपासून त्यांना बोलता येत नाही. उशाशी पितळी घंटा आणि पाटी असते. एके काळी त्या सिनेमातल्या नट्यांना आवाज द्यायच्या. चेहरा दुसरीचा, किंकाळी यांची. पाटीवर लिहिलं, "माझी किंकाळी सगळ्या इटलीनं ऐकली. आता घंटा एकीला ऐकू आली तरी पुरे." दोघी हसलो. मी केलेला रिसोत्तो, भोपळा घातलेला मऊ भात, त्यांनी दोनदा घेतला. ही वही एप्रनच्या खिशातच ठेवणार आहे.

८ मार्च
चादरींच्या कपाटात एक व्हिडिओ कॅसेट सापडली. नाव नाही, फक्त सिन्योरांच्या अक्षरात, 'म्हातारीचा आवाज: मी'. लावून पाहिली. जुना, कृष्णधवल भयपट. बंद दाराआड एक म्हातारी घंटा वाजवते, हाका मारते. बाहेर तिची सेविका पाठमोरी बसून राहते. चेहरा दिसतच नाही.
इकडे सिन्योरांचीही घंटा. पाणी, उशी, पडदा, पुन्हा पाणी. शेवटी मी त्यांचं दार बाहेरून किल्ली फिरवून बंद केलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

९ मार्च
काल लिहायचं टाळलं ते लिहिते. दार उघडलं तेव्हा सिन्योरा जमिनीवर होत्या. दीड तास. घंटा मुठीत. त्यांच्या मुलाला, रुज्जेरोंना, फोनवर सांगितलं की आत्ताच पडल्या, मी शेजारीच होते. ते आले, माझे हात धरून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून आई वाचली, ओर्नेल्ला."
सिन्योरांनी पाटी मागितली नाही. नुसतं पाहिलं माझ्याकडे. मला मान वर करवेना.

१२ मार्च
कॅसेट पुन्हा लावली. सेविकेच्या अंगावर माझा एप्रन. खिशाचं ठिगळसुद्धा. ती फोनवर बोलते, "आत्ताच पडल्या. मी शेजारीच होते."

१३ मार्च
रुज्जेरोंना खरं सांगायला फोन केला. ते पुन्हा आभार मानू लागले. मी — फोन ठेवून दिला.

१४ मार्च, दुपार
कॅसेट बाहेर काढलेली. तरी टीव्हीवर तेच — सेविका आत जाते, पलंग रिकामा —
मी सिन्योरांच्या खोलीत धावले. पलंग रिकामाच. मागे किल्ली फिरली.
बाहेरून आवाज आला. तरुण, स्वच्छ, कॅसेटमध्ये हाका मारणारा तोच. "आता ऐकू येतंय का, ओर्नेल्ला?"

सगळं कबूल केलं, दाराला तोंड लावून. मी खोटं बोलले. ही वही रुज्जेरोंना द्या —
उशाशी घंटा आहे. वाजवतेय —

बाहेर टीव्हीचा आवाज वाढ