धूर गेलेली शेगडी

मनाली, रविवार

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा हाय. बोगद्याचं काम चालू हाय, जेवण येळेवर मिळतंय. स्वप्नालीताई बाळंतपणाला आली का? तिला झोप लागती का? फोनवर मला नीट बोलता येईना, म्हणून लिहितोय.

माझ्या खोलीतला जयसिंगपूरचा राजशेखर मंगळवारी वारला. रातपाळी करून सकाळी आलता, थंडीनं नुसता कापत हुता. मी कामावर जाताना त्याच्या खाटेजवळ कोळशाची शेगडी ठेवली. तू ठेवतीस तशीच, बाहेर पेटवून, धूर पुरता गेल्यावर आत आणून. दार-खिडकी लावून घेतली. परत आलो तर तो पांघरुणात तसाच हुता.

डॉक्टर म्हणाले, धूर गेला तरी निखाऱ्याचा विषारी वायू ऱ्हातोय. त्यो दिसत न्हाय, वासबी येत न्हाय.

त्याच्या आईनं फोनवर इचारलं, जेवून झोपलता का. मी व्हय म्हणालो. रडू काय आलं न्हाय. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

आई, ताई बाळंत झाल्यावर तिच्या बाजेखाली शेगडी ठेवू नकोस. बाळाला उनात धर, अंगावर गोधडी घाल, खिडकी उघडी ठेव. शेजारच्या बायका वारं लागंल म्हणतील, म्हणूदेत.

आम्हां दोघांना तू असंच शेकलंस आणि आम्ही जगलो, ते आपली कौलं फुटकी हुती म्हणून. आता घराला स्लॅब हाय.

तुझा,
पृथ्वीराज